पुरलेलं नाव

५ एब, मका खुडून झाल्यानंतर
चोच-हाचा घाट

मुयाल,

तू साक-लूमला आपल्या चुलीपाशीच असशील, असं धरून लिहितो आहे.

मी जिवंत आहे. हे वाक्य मी आधी दोनदा लिहून खोडलं. पहिल्यांदा ते फार आनंदी झालं, जसा काही मी जत्रेहून परतलो होतो. दुसऱ्यांदा इतकं रडकं झालं की माझंच मला पटेना. आता जसं आहे तसं ठेवतो. मी जिवंत आहे, आणि तुझा भाऊ याश तोकच आहे.

वाक-विट्स पडलं हे तुमच्यापर्यंत पोचलं असेल. राजवाड्यात चित्रं काढणारे आम्ही सगळे पकडले गेलो. मला जिंकणाऱ्यांच्या शहरात एका म्हाताऱ्या चित्रकाराच्या घरी कामाला ठेवलं. तो मागच्या उन्हाळ्यात वारला. त्याचा मुलगा म्हणाला, "तुला खायला घालून मला काय मिळणार? जा बाबा तू." तेवढ्यावर मी सुटलो. पाच वर्षांचा शेवट इतका साधा असेल असं मला वाटलं नव्हतं.

आता नदीच्या मुखाशी, चोच-हाला आहे. सोत्स नावाचा मीठवाला आहे, त्याच्या घरी राहतो. तो वर्षातून चार-पाच खेपा तुमच्या बाजूला घालतो, हे पत्र त्याच्याच हाती देतोय. बडबड्या आहे, पण वस्तू पोचवतो.

आईला सांग की मी येतोय. तिच्या गुडघ्यांचं कसं आहे? तिलोमचं लग्न झालं का? त्याला आठवतो का मामा? माझा ओटा कोणी वापरत असेल तर वापरू दे, मी जमिनीवर झोपेन. अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. इथले कुंचले वाईट आहेत.

नदीचं पाणी उतरलं की निघतो.

तुझा दादा
याश तोक


१ मानिक
साक-लूम

चोच-हाच्या घाटावरून पत्र पाठवणाऱ्या गृहस्थांस,

तुमचं पत्र मिळालं. आमचा भाऊ गेला. त्याला आम्ही आमच्या घरात, पूर्वेच्या खोलीत, जमिनीखाली वडिलांच्या शेजारी ठेवलं आहे.

आमचे वडील भांडी रंगवत. त्यांनी आम्हा दोघांच्या हातात एकाच दिवशी कुंचला दिला. भावाची रेष मला अंधारात बोटांनी चाचपूनही ओळखता येईल. तुमची अक्षरं वाळूवरून खेकडा गेल्यासारखी आहेत. वाईट कुंचल्यानं रेष जाड होते. ती दुसऱ्याची होत नाही.

मीठवाल्याला मी खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "माणूस वाळका आहे, बाई. डाव्या हातानं खातो. मी एवढे विनोद करतो, पण हा हसत नाही." आमचा भाऊ उजव्या हातानं खायचा आणि नको तिथं हसायचा.

तुम्ही लबाड असाल, किंवा दुसऱ्याचा चेहरा लावून फिरणारं काही असाल. मला ठाऊक नाही. माणूस असाल तर एवढंच मागते: ज्याचं नाव घेतलं आहे त्याचं त्याला परत करा आणि पुन्हा लिहू नका. का मागते ते सांगणार नाही.

आणि तसं नसेल तर या घरातलं असं काहीतरी सांगा जे गावाला माहीत नाही. कोणत्या सणाला काय शिजतं हे सांगू नका, ते सगळीकडे सारखंच शिजतं.

इश मुयाल


५ काबान
चोच-हाचा घाट

मुयाल,

तुझं पत्र मी पाण्याकाठी बसून वाचलं. सोत्सनं विचारलं, "काय म्हणतात घरचे?" मी म्हटलं, "मला पुरलं म्हणतात." तो म्हणाला, "मग दोन महिने माझ्या घरची पेज कोण पितंय, तेवढं विचार त्यांना."

तू मागितलंस ते देतो.

आजी दर महिन्याला पूर्वेच्या खोलीत जमिनीवर पेज ओतायची. सगळ्याच घरांत ओततात. पण आपली आजी ओतता ओतता खालच्या आजोबांना बोलायची. "लोळा, लोळा. छप्पर गळतंय, पोरं उघडी फिरतायत, तुम्हाला काय त्याचं." तू सहा वर्षांची होतीस. एकदा तू ओट्यामागे लपून बसलीस आणि आजोबांच्या खर्जात म्हणालीस, "जरा तिखट घाल गं." आजी उठली, चुलीपाशी गेली, मिरची वाटून आणली आणि पेजेत घातली. त्यानंतर मरेपर्यंत तिनं आजोबांना तिखट पेज दिली, आणि बोलणं बंद केलं ते कायमचं. आपण दोघांनी हे कोणालाच सांगितलं नाही. मी तर हसू दाबायला तोंडात शेंगा कोंबल्या होत्या.

आता अक्षराबद्दल. मी खोटं लिहिलं होतं. कुंचला चांगला आहे, हातच माझा राहिला नाही. जिंकणारे राजाला मारतात, पण राजाचं नाव लिहिणाऱ्याला मारत नाहीत. त्याला पायऱ्यांवर बसवतात आणि उजव्या हाताची बोटं मोडतात. माझी मोडली. डाव्या हातानं लिहायला मला दोन वर्षं लागली, आणि जे आलं ते खेकड्यासारखं आहे, तू बरोबर म्हणालीस. तुला हे का सांगितलं नाही, याचा विचार करतोय. तुला वाईट वाटू नये म्हणून, असं म्हणायला आवडलं असतं. खरं म्हणजे मी अजूनही त्या हाताचा माणूस म्हणून तुझ्यासमोर यायला पाहत होतो.

पण मला कळत नाही, मुयाल. कोणी सांगितलं मी मेलो म्हणून? आणि "नाव परत करा" म्हणजे काय? माझं नाव मी कोणाला परत करू?

याश तोक


७ चिकचान
साक-लूम

दादा,

हा शब्द मी आज एकदाच लिहिते. का, ते पुढे वाच.

मिरचीचं वाचलं आणि मी पाट्यावरच बसकण मारली. सूनबाईला वाटलं मला भोवळ आली. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. तुझ्या बोटांचं मी दुसऱ्या दिवशी वाचलं. एका दिवसात दोन्ही झालं नसतं.

आता ऐक. दोन वर्षं आम्ही वाट पाहिली. मग वाक-विट्सहून पळालेला एकजण गावात आला. म्हणाला, चित्रकारांतलं कोणी उरलं नाही. आईनं जेवण सोडलं. ती म्हणायची, "पोरगा बाहेर फिरतोय. कोणाच्या छपराखाली नाही, कोणाच्या जमिनीखाली नाही. त्याला आत घ्या." म्हणून आम्ही पूर्वेच्या खोलीतली चुन्याची जमीन फोडली, बाबांच्या शेजारी. ठेवायला देह नव्हता. दोन वाडगे तोंडाला तोंड लावून ठेवले, आत तुझा कुंचला, रंगाचा शिंपला, आणि आईनं जपलेलं तुझं पहिलं जावळ. राळेचा धूप केला. आईनं स्वतःच्या हातानं वरून चुना लिंपला. त्या दिवशी ती जेवली.

पुढच्या वर्षी ती गेली. तुझ्या डाव्या बाजूला आहे. हे तुला असं सांगावं लागतंय.

त्याच वर्षी तिलोमच्या बायकोला, इश उहला, मुलगा झाला. या घरातलं कोणी पुरतं जात नाही, हे तुला मी काय सांगायचं. बाबांना त्यांच्या आजोबांचं नाव होतं आणि आजी बाबांना लहानपणीही "मामंजी" म्हणायची. तसंच आम्ही केलं. दिवसांचा हिशेब ठेवणाऱ्या कान हिशकाकांनी दिवस पाहिला, मुलाला तुझ्या जागेवर धरलं, आणि तुझं नाव त्याच्या कानात सांगितलं. तो आता तीन वर्षांचा आहे. याश तोक. मी त्याला दादा म्हणते. तो ओ देतो.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी त्याला ताप भरला. उहनं पत्राला हात लावला नाही. म्हणाली, "आत्याबाई, ते घराबाहेर न्या. कोणीतरी माझ्या पोराला दुसऱ्या टोकानं ओढतंय." म्हणून मी तुला तसं कोरडं लिहिलं. मला खेकड्याच्या अक्षरांचा संशय होता, हे खरं. पण संशय खरा निघावा असं मला वाटत होतं, हेही खरं.

ताप येतो-जातो आहे. कान हिशकाका येऊन बसले. तुला आठवत असतील, दिवसांचा हिशेब सांगताना खात राहतात. मक्याचे तीन वाफवलेले उंडे संपवून म्हणाले, "एक नाव, एक जागा. दोघं बसले तर एकजण खाली जाणार, आणि हलकं कोण आहे ते तुम्हाला दिसतंय." दोन वाटा आहेत म्हणाले. जमीन उघडायची, वाडगे बाहेर काढायचे आणि पोराचं नाव उतरवायचं. नाव उतरवलेल्या पोराचं पुढे काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. दुसरी वाट, ज्याला जिथं ठेवलंय तिथं त्यानं राहावं.

मी घाटापर्यंत अनवाणी धावत यायला हवं होतं. त्याऐवजी मी तुला येऊ नकोस म्हणून लिहिते आहे. तिलोम म्हणाला, "मामाला एवढं तरी लिही की आम्हाला हे आवडून करत नाही." लिहिलं.

तुझी
मुयाल


६ ओक
चोच-हाचा घाट

मुयाल,

आईचं वाचलं. तिच्या शेजारी मी आहे, हे बरं केलंत.

मी येणार नाही. हे सगळ्यात आधी लिहितो म्हणजे तुला पत्र शेवटपर्यंत धास्तीनं वाचावं लागणार नाही. पोराच्या आईलाही तेवढं वाचून दाखव.

स्वतःच्या पुरण्याची हकीकत वाचायला किती माणसांना मिळते? मी ती इतक्या वेळा वाचली की कागदाच्या घड्या फाटायला आल्या. आईनं चुना लिंपला. तिचे हात मला दिसत होते, अंगठ्यानं कड दाबत जाणारे. मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी मला कोणीतरी पांघरूण घातल्यासारखं वाटलं. इतकी माणसं, इतकी काळजी, आणि मी तिथं नसताना मी तिथं होतो.

अजून एक आहे, पण त्यावर माझा पुरता विश्वास नाही. तू सांगतेस त्याच सुमारास, कैदेत असताना, मला पहिल्यांदा झोप लागायला लागली. आधी डोळा लागला की पायऱ्या दिसायच्या. मग एके दिवशी त्या दिसेनाशा झाल्या. म्हाताऱ्या चित्रकारानं डाव्या हातात कुंचला दिला तोही त्यानंतरच. आईनं मला आत घेतलं आणि मी खरंच आत गेलो, असं म्हणावंसं वाटतं. पण दुःखातला माणूस कशालाही काहीही जोडतो. तेव्हा मी दिवस मोजत नव्हतो. म्हणून हे खात्रीनं सांगत नाही, फक्त सांगतो.

इथलं म्हणशील तर सोत्सचं घर चांगलं आहे, पण त्याच्या जमिनीखाली कोणी नाही. मी विचारलं, "तुझे लोक कुठं ठेवलेत?" तो म्हणाला, "समुद्राच्या वाळूत. मी गेलो की मलाही मिठाच्या पोत्यात भरा, टिकेन तरी." त्याची बायको म्हणाली, "जिवंतपणी टिकलास तेच खूप झालं." हसतात दोघं. मीही हसलो, हे तुला लिहितो, कारण मी हसत नाही असं त्यानं तुला सांगितलं होतं. पण जेवायला बसलं की मला खाली पोकळ लागतं. इथं मी कितीही वर्षं राहिलो तरी पाहुणाच असेन, आणि मेलो की कुठं जाईन हे मला माहीत नाही. तुझ्याकडे तक्रार नाही. तू विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं.

मला एकच गोष्ट हवी आहे. तो कसा आहे? कुत्र्यांना घाबरतो का? भोपळ्याच्या बिया सोलून खातो की सालासकट? रागावला की काय करतो? मग नको लिहूस. प्रत्येक पत्र त्याला ओढत असेल तर हे शेवटचं असू दे.

खाली नाव लिहीत नाही.


१० बेन, शेतं जाळायचे दिवस
साक-लूम

तुला कोणत्या नावानं हाक मारू हे आता ठरवता येत नाही, म्हणून नुसतंच लिहिते.

उशीर झाला, कारण घरात बोलणी चालली होती. आधी पोराचं सांगते. ताप उतरला. तुझं पत्र यायच्या चार दिवस आधीच उतरला. पत्रामुळे आला नव्हता असं मी म्हणणार नाही आणि पत्रामुळे गेला असंही नाही. कुत्र्यांना तो घाबरत नाही, कुत्री त्याला घाबरतात. बिया सालासकट खातो. रागावला की टर्कीच्या खुराड्यात जाऊन बसतो आणि बोलावलं की म्हणतो, "मी नाहीये." हे कोणाचं आहे ते तुला कळेल.

तुझं पत्र मी चुलीपाशी मोठ्यानं वाचलं. तिलोम उठून बाहेर गेला. उह पाट्यावर मका वाटत होती, ती वाटतच राहिली. खाली पोकळ लागतं, हे वाक्य आलं तेव्हा वरवंटा थांबला. तिला मी भित्री समजत होते. तिनं तुझ्या पत्राला हात लावला नव्हता ना, त्यामुळे.

चौथ्या दिवशी तिनंच कान हिशकाकांना बोलावलं. त्यांच्यापुढे उंड्यांची टोपली ठेवली आणि विचारलं, "काका, मी या घरात आले तेव्हा माझं इथं खाली कोण होतं?"

"कोणी नाही. तू परक्या घरची."

"मग मला जागा कशी मिळाली?"

"पोर झालं. पोराची नाळ इथं पुरली. त्यातून तू लागलीस घराला."

"म्हणजे ज्याला जागा नाही त्याला जन्मातून जागा मिळते."

"मिळते की."

"मग त्यांनाही जन्मू द्या," ती म्हणाली. "जुनं नाव आहे तिथं राहू दे, माझ्या पोरापाशी. त्यांना नवीन घ्यावं लागेल."

काका हसले. उंडा घशात अडकला, तिलोमनं पाठीत बुक्की घातली तेव्हा मोकळे झाले. "अगं, पन्नाशी उलटलेल्या माणसाला जन्म देणार कोण?"

उह म्हणाली, "मी."

बाईचं वय बावीस. माझ्या भावाला आजपर्यंत तिनं पाहिलेलंही नाही. आणि ती चुलीपाशी उभी राहून हे अशा आवाजात म्हणाली, जणू पाणी भरून आणते म्हणाली. मी या घरात जन्मले, या घरात नवरा आणला, या घरात पोर वाढवलं, आणि त्या क्षणी मला वाटलं, हे घर मला कळलेलंच नव्हतं.

काकांनी शकुनाच्या बिया मांडल्या, पुसल्या, पुन्हा मांडल्या. शेवटी म्हणाले, "असं कोणी केलेलं मी ऐकलं नाही. करू नये असंही कोणी सांगितलेलं नाही. पण अर्धवट चालणार नाही."

अर्धवट नाही म्हणजे काय, ते नीट वाच. तू निघशील तेव्हापासून ते नाव तोंडातून निघता कामा नये. वाटेत कोणी विचारलं तर नाव नाही म्हणायचं. आलास की शेताच्या बांधावर थांबायचं. उह येऊन घेऊन जाईल. तान्ह्याला नेतात तसं तुला चुलीभोवती नेणार. तिलोम म्हणतो, "कडेवर घ्यायचं तर मला शेजारचे दोघे लागतील." केस काढणार. ज्या दिवशी येशील त्या दिवसाचं नाव तुला मिळेल. मग तू उहचा धाकटा मुलगा. तिला आई म्हणायचं. मला आजी. पोराला दादा, आणि वाढप आधी त्याला. बाबांची भिंतीकडची जागा तुला मिळणार नाही, घरात तुझा शब्द चालणार नाही, शेताच्या वाटणीत तू तुझ्या भावाच्या मागे. पूर्वेच्या खोलीतले वाडगे तुझे नाहीत. तिथं पेज ओतताना तू दुसऱ्या कोणासाठी तरी ओतशील.

पण मेलास की तुला आत घेऊ.

एवढं करशील का, ते कळव. नाही म्हणालास तरी मी समजेन. बाबांचा मुलगा आहेस, तुला मानानं बसायची सवय आहे. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं ते मला ठरवता आलेलं नाही.

मुयाल


१२ इमिश, पेरणीच्या तोंडावर
चोच-हाचा घाट

मुयाल,

लगेच हो लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, म्हणून थांबलो.

मान, वाटणी, भिंतीकडची जागा, यातलं काही सोडायला मला अवघड गेलं नाही. निदान मला तसं वाटतं. अडकलो तो नावापाशी. त्या पायऱ्यांवर एकेक बोट मोडत होते तेव्हा ते ओरडून विचारत होते, "कोणाचा आहेस? नाव काय तुझं?" आम्ही त्यांच्या राजाचं नाव घ्यावं असं त्यांना हवं होतं. मी माझं घेत राहिलो. हात गेला, घर गेलं, तुमचं मला काही कळत नव्हतं. तेवढं नाव उरलं होतं, आणि मी त्याला धरून पाच वर्षं काढली. आता ते एका तीन वर्षांच्या पोराला द्यायचं, जो त्याच्यासह टर्कीच्या खुराड्यात जाऊन बसतो.

हे लिहिताना कळतंय की मी धरून राहिलो नसतो तरी ते त्याच्याकडे सुखरूप होतंच. मी एका टोकाला त्याला घट्ट धरून होतो आणि दुसऱ्या टोकाला आई ते चुन्याखाली जपून ठेवत होती. नाव एवढं मोठं असतं हे मला कधी सुचलं नव्हतं. मला वाटायचं ते माझ्या मापाचं आहे.

सोत्सला सांगितलं. तो म्हणाला, "तुझी नवी आई तुला इतक्या वर्षांचं दूध पाजणार नाही ना? कारण मग मीही येतो." त्याच्या बायकोनं त्याला चापट मारली आणि माझ्यासाठी वाटेची शिदोरी बांधायला घेतली.

पोराच्या आईला माझ्याकडून काय सांगायचं ते मला येत नाही. मूल जन्माआधी आईला काही सांगतं का? तसंच समज.

काल सकाळी पाण्याकाठी ते नाव एकदा मोठ्यानं घेतलं. ऐकायला एक बगळा होता. त्यानंतर घेतलेलं नाही.

निघतो.


३ एत्सनाब, कोरडे दिवस
चोच-हाच्या वाटेवर, नदीच्या वळणावर

याश तोकदादा,

तुला अजून वाचता येत नाही. हे पत्र आजी तुला वाचून दाखवेल, आणि पुढे तू स्वतः वाचशील तेव्हा तुला माझं खेकड्यासारखं अक्षर हसू आणेल. हस. तुझा भाऊ सोत्सकाकांबरोबर मीठ आणायला गेलाय आणि होडीत बसून लिहितोय.

मी आलो तो दिवस तुला आठवणार नाही, तू लहान होतास. म्हणजे मी तुझ्याहून लहान होतो, पण तूही लहानच. मी बांधावर उभा होतो. आई आली. तिनं मला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "केवढा मोठा झालास रे पोटात." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिचा हात पिठानं पांढरा होता. बाबा आणि शेजारचे दोघे मला चादरीत घालून चुलीभोवती फिरवायला लागले आणि दुसऱ्या फेरीला बाबांचा पाय घसरला. आम्ही सगळे कोसळलो. कान हिशआजोबा ओरडले, "फेरा मोडला, पुन्हा पहिल्यापासून." तू इतका हसलास की तुला उचकी लागली. तुझ्या हातानं मला पहिली पेज पाजायची होती. अर्धी तू माझ्या छातीवर सांडलीस, उरलेली स्वतः प्यालास. दिवस ८ मूलुक होता, म्हणून माझं नाव मूलुक. तू ते दिवसभर ओरडत फिरलास, खुराड्यातल्या टर्कींनाही सांगितलंस.

पुढच्या महिन्यात आपण पूर्वेच्या खोलीत पेज ओतायला गेलो. तू मला विचारलंस, "खाली कोण आहे?" मी पणजोबांचं सांगितलं, पणजीचं सांगितलं. मग तू मधल्या जागेवर पाय आपटून विचारलंस, "आणि इथं?" मी म्हटलं, "इथं तू आहेस." तू खाली पाहिलंस, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलंस आणि तुला ते अगदी पटलं. म्हणालास, "मग मला जास्त ओत." मी ओतली. माझे पाय तिथल्या चुन्यावर होते. त्या जागेला गरम-गार काही लागत नव्हतं, ती नुसती जमीन होती, आणि तिच्याखाली आपली सगळी माणसं इतकी दाटीनं, इतकी शांत बसली होती की मला मोठ्यानं श्वास घ्यायला संकोच वाटला.

बाहेर आल्यावर तू विचारलंस, "मूलुक, तू जन्मायच्या आधी कुठं होतास?" मोठे भाऊ हे विचारतातच. मी म्हटलं, "तू होतास तिथंच." हे मी तुझं समाधान करायला म्हटलं की ते खरं आहे, याचा मी होडीत बसून अजून विचार करतोय.

आता एक सांगायचं राहिलं, ते सांगायला हे पत्र. आजीचं वय झालंय. कधी कधी ती चुलीपाशी बसून मान वर करते, माझ्याकडे बघते आणि तिच्या तोंडून "दादा" निघतं. तिला कळतं तेव्हा तिचा हात हवेतच थांबतो. मी तेव्हा उठत नाही, तिच्याकडे बघतही नाही. मी वाट बघतो. आणि तू जिथं असशील तिथून, खुराड्यातून, झाडावरून, ओ देत धावत येतोस, आणि ती तुझ्या हातावर काहीतरी खायला ठेवते.

दादा, असाच धावत येत जा. मी घरी नसलो तरी. उशीर करू नकोस.

तुझा धाकटा
मूलुक